होल्डवर ठेवलेली कॅसेट

कुठलीही वस्तू हातात आली की ते आधी डावा डोळा मिटायचे. उजेडाकडे धरून ती फिरवायचे आणि म्हणायचे, "बगू तरी." मग तो सोसायटीच्या टाकीचा व्हॉल्व्ह असो, नाहीतर माझ्या बायकोने केलेला बेसनाचा लाडू. लाडू पास झाला की बायको खूश व्हायची आणि मी चिडायचो. असा एखादा शेजारी तुम्हालाही लाभला असेल.

नवी मुंबईतल्या पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ते तपासनीस होते, मूळचे साताऱ्याकडचे. त्यांच्या सहीशिवाय तिथून एक वॉशरही बाहेर पडत नसे. नव्वदनंतरची ती वर्षं. नेरूळची आमची सोसायटी नवीकोरी होती आणि मी तिचा सेक्रेटरी, म्हणजे सगळ्यांची बोलणी खायला हक्काचा माणूस.

मे महिन्यात मुलांना व्हिडिओवर सिनेमा दाखवायचं ठरलं. साहसाचं कार्टून. उंदराचं पिल्लू बापाबरोबर होडीतून निघतं, मग वादळ, चाचे, असं बरंच काही. लहान मुलांना चालेल का, एवढंच बघायला मी कॅसेट त्यांच्याकडे दिली. त्यांनी ती दोनदा पाहिली आणि तिच्यावर, निर्णय होईपर्यंत थांबवलेल्या मालाला लावतात ते कारखान्यातलं पिवळं लेबल चिकटवून परत आणली.

"सेक्रेटरी, लॉट होल्डवर हाय."

"अहो, कार्टून आहे ते! त्यात काय तपासायचं?"

"चाचं-बिचं ठीक हाय, पोरं हसतील. पन मधी होडी बुडती आन् बाप दिसंनासा होतो."

"शेवटी येतो की परत!"

"ते तुमाला ठावं. तिसऱ्या मजल्यावरच्या चिमीला कुठं ठावं हाय?"

चिमी पाच वर्षांची. तिचे बाबा मालवाहू जहाजावर होते आणि दोन महिने त्यांचं पत्र नव्हतं. हे सगळ्या इमारतीला माहीत होतं. तरी ते माझ्या डोक्यात आलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

"तिला त्या दिवशी मावशीकडे पाठवायला सांगू," मी सुचवलं.

"ती का बाजूला? तिच्यात काय खोट हाय?"

कमिटीत त्यांची भरपूर थट्टा झाली. कुणी त्यांना सेन्सॉरवाले म्हणालं, कुणी कारण विचारलं. "तपासनी चालू हाय," यापलीकडे ते बोलले नाहीत. चिमीचं नाव त्यांनी चारचौघांत काढलं नाही.

शनिवारी त्यांनी चिमीला आणि तिच्या आईला घरी बोलावलं. मीही गेलो होतो. आईला त्यांनी आधीच सगळं सांगून विचारलं, "दावू का नको, तुमी म्हनाल तसं." ती हो म्हणाल्यावर त्यांनी कॅसेट थेट शेवटाला नेली. तयार माल आधी बघायचा, मग मागे मागे जायचं, ही त्यांची कारखान्यातली रीत. बाप-उंदीर परत येतो तो भाग चिमीने तीनदा पाहिला. मग त्यांनी होडी बुडताना दाखवली.

"माझे बाबा पण येणार?" तिने विचारलं.

"हे उंदराचं झालं, बाळा. बाबांच्या पत्राची आपन समदी वाट बगू."

पत्र जूनमध्ये आलं. बाबा सुखरूप होते. पुढे दोन-तीन वर्षांत कारखाना बंद पडला, तपासनीस गावी गेले आणि तिकडेच वारले. मला आठवतात ते मात्र लेबल निघून सिनेमा लागला त्या रविवारचे.

सोसायटीच्या हॉलमध्ये चाळीसेक मुलं होती. हे गृहस्थ टीव्हीकडे पाठ करून उभे, सगळं लक्ष मुलांच्या चेहऱ्यांवर. होडी बुडाली. पुढच्या रांगेत रडारड सुरू झाली. माझा सात वर्षांचा मुलगा, जो आदल्या दिवशी 'मी कशालाच घाबरत नाही' म्हणत फिरत होता, तोही मुसमुसायला लागला.

तेवढ्यात चिमी उभी राहिली. "ए, रडू नका रे! येतो तो. मी बघितलंय."

मी तपासनिसांकडे पाहिलं. सख्ख्या थोरल्या भावाचा वाटावा तसा मला त्यांचा अभिमान वाटला.

चिमी माझ्या मुलाशेजारी जाऊन बसली आणि सिनेमा संपेपर्यंत तिने त्याचा हात सोडला नाही.