तळहाताएवढा निळा

"पाडलेला भोक बुजणा नाय," असं म्हणत पेंटर अंगठ्याचं नख पत्र्यावरून फिरवायचा. हळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नख अडलं की समजायचं, इथे आधी कुणीतरी काम केलेलं आहे.

भांडुपला आमची शेड आहे. अर्ध्या भागात माझं डेंटिंग, अर्ध्यात त्याचा रंग, मध्ये ताडपत्री. मी त्याला पेंटर म्हणायचो, तो मला मेस्त्री. नावं दोघांनाही माहीत होती, पण कधी लागली नाहीत.

तुम्ही गाडीचं काम करून घेतलं असेल तर पाहिलं असेल. आधी जुना रंग पत्र्यापर्यंत घासायचा, मग लांबी, म्हणजे पुट्टी भरायची, प्राइमर, मग नवा रंग. हाही तसंच करायचा. फक्त घासायच्या आधी कुठेतरी लपलेल्या जागी तळहाताएवढा जुना रंग कागदी टेपने झाकून ठेवायचा. तेवढा घासायचा नाही, वर नवा चढवायचा नाही.

मी विचारलं, "हे कशाला रे?"

"उद्या कोणी विचारल्यान, तू मूळची खंयच्या रंगाची, तर गाडी काय सांगतली?"

"गाडी काय सांगणार? हॉर्न वाजवणार."

तो हसला नाही. अशा बाबतीत हसायचा नाही.

एकदा एका बाईंना मागच्या सीटखाली असा तुकडा सापडला. नवी जांभळी गाडी आणि खाली मळका क्रीम. रंग चोरला म्हणून भांडायला आल्या. हा हात पुसत उभा राहिला. "ताई, ती गाडीची जन्मखूण. तुमची कोणी पुसल्यान तर चलात?" बाई लाजल्या आणि गेल्या. चहा मात्र त्या दिवशी मला पाजावा लागला, कारण मी मोठ्याने हसलो होतो.

आमचं यावरून कायम वाजायचं. जुन्या फियाटच्या एका हँडलसाठी तो तीन दिवस कुर्ल्याचं भंगार धुंडाळायचा. मी म्हणायचो, नवं बसव, दार उघडल्याशी मतलब. गाडी काय देव्हाऱ्यात ठेवायची आहे? मी तिसरी शिकलेला माणूस, पण पत्र्यातलं मला कुणी शिकवू नये. आजही नको.

मग पवईचा एक ऑफिसवाला दोन दरवाजांची अमेरिकन गाडी टो करून घेऊन आला. त्याच्या मामाची. आठ सिलिंडर, लांब नाक, निळा रंग उडालेला. त्याला ती काळी हवी होती. आणि बॉनेट मधोमध कापून वर हवा घ्यायचं उंच नाकाडं बसवायचं होतं. मी हो म्हटलं.

पेंटर ताडपत्री सारून आला. "मेस्त्री, ह्या बॉनेटाक कापू नको. असा दुसरा हंय मिळाचा नाय."

"गिऱ्हाईकाला हवंय. तू कोण?"

"मी कोण नाय. चतुर्थीक गावाक जावन येतंय, तोपर्यंत थांब. मालकाशी मी बोलतंय."

"थांबतो," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी मालक आला. म्हणाला, "काका, त्या पेंटरला विचारल्याशिवाय तुम्ही कापत नाही का?" एवढंच. मी ग्राइंडर उचलला. कट सरळ आला. आजही सांगतो, फूटपट्टी लावून बघा.

पेंटर आला तेव्हा तो चौकोनी पत्रा खाली पडला होता. त्याने उचलला, उलटा केला. आतल्या बाजूला बरोबर मध्यभागी त्याचा टेप होता. गाडीची खूण त्याने तिथे राखली होती, गावाला जायच्या आधीच. डेंटर माणूस पत्र्याची उलटी बाजू बघितल्याशिवाय हत्यार लावत नाही. मी लावलं.

"बरां," तो म्हणाला. पत्रा जुन्या लुंगीत गुंडाळून घरी घेऊन गेला. दुसऱ्या दिवसापासून गाडी काळी करायला लागला. अशी केली की तोंड बघून दाढी करावी.

पुढेही चहा एकत्रच व्हायचा. पण भोकाचं ते वाक्य तो मला पुन्हा म्हणाला नाही. इतरांना म्हणायचा, ताडपत्रीपलीकडून ऐकू यायचं. मी काही कापायला घेतलं की, "तुका बरा वाटात ता कर." थांबतो म्हणालो आणि थांबलो नाही, हे बोलायला मीही तोंड उघडलं नाही.

गेल्या थंडीत तो गेला. छातीचं होतं. तोंडाला फडकं बांध म्हटलं तर बांधायचा नाही. मी त्याच्या घरी गेलो, बसलो. रडू आलं नाही. भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिलो. निघताना वहिनींनी लुंगीतलं गाठोडं पुढे केलं. "ह्यांनी सांगून ठेवल्यानी हा, गाडी परत येतली. तेव्हा तुमका देवक."

गाडी खरंच आली, उन्हाळ्यात. मालक खाली बघत म्हणाला, "काका, जुन्या गाड्यांच्या रॅलीत उभी करून घेतली नाही, बॉनेट कापलेलं म्हणून. आता परत ओरिजिनल करायची आहे."

नाकाडं उतरवलं आणि लुंगीतला चौकोन भोकात ठेवून पाहिला. चारी बाजूंनी अर्धं सूत फट राहिली. ग्राइंडरच्या पात्याची जाडी. तेवढा पत्रा त्या दिवशी ठिणग्या होऊन गेला. टेपवर ओलं फडकं ठेवून वेल्डिंग केलं, घासलं, नख फिरवलं. चारी ठिकाणी अडलं. पुन्हा घासलं. माझ्या नखाला काही कळत नाही, असंही असेल.

नव्या पेंटरला सांगितलं, "बाहेरून निळा मार. आतल्या टेपला हात लावायचा नाही."

"क्यूं चाचा, वहां कुछ है क्या?"

"नको म्हटलं ना."

तो गेल्यावर बॉनेटखाली वाकून पाहिलं. टेप पिवळा पडला होता. एक कड दाताने तोडलेली, वेडीवाकडी. तो दातानेच तोडायचा. फडक्याच्या पाण्याने कोपरा सुटला होता, खाली थोडा निळा दिसत होता. मी अंगठ्याने दाबला. चिकटला नाही. परत दाबला, आणि तसाच धरून उभा राहिलो.