हॉलमधली बाई

हसायचं नाही, असं आधी कबूल करा. म्हणजे तुम्ही हसणारच, मला माहीत आहे, पण निदान चहा संपेपर्यंत दम धरा. कारण त्या आठवड्यात मी जी घाबरले होते, ती खरोखर घाबरले होते. माती खाल्ल्याचं नंतर कळलं.

आमचं घर धायरीत. रीसेलचं. नव्या घरांच्या किमती ऐकायला आम्ही दर रविवारी साइटवर जायचो आणि फुकटचा चहा पिऊन परत यायचो. मग हे मिळालं, तेही स्वस्तात! इतकं स्वस्तात की मंदार, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "काहीतरी भानगड असणार."

"लिफ्ट नाहीये, ही काय कमी भानगड आहे?" मी म्हटलं, आणि होतं नव्हतं ते सगळं घालून आम्ही राहायला आलो. आता हे घर सोडायचं म्हटलं तर थेट रस्त्यावर.

घर चालवते मी. ऑफिस हडपसरला, अर्धा जन्म स्कूटरवर. पण माझ्या घरात काही वाया जात नाही हं! कपडे धुतलेलं पाणी बादलीत धरायचं आणि त्यानेच बाथरूम घासायचं. उरलेलं वरण थालीपिठात, शिळी पोळी कुस्करून फोडणीला. दुधाच्या पिशव्या धुऊन तारेवर. मंदार पाहुण्यांना सांगतो, "आमच्याकडे बारा महिने वाळवणं असतात."

तर झालं काय, जानेवारीत माझा पाय मुरगळला. डॉक्टरांनी आठवडाभर घरी बसवलं. मंदार ऑफिसात. मुलं, म्हणजे आठवीतली सई आणि दुसरीतला ओम, शाळेत. त्यांच्या गॅदरिंगची तालीम चालू होती, त्यामुळे रोज अडीचला येणारी मुलं साडेचारला यायची. लग्न झाल्यापासून मी दुपारी घरात एकटी अशी पहिल्यांदाच होते. म्हटलं, चला, झोपूया!

पडदे ओढले, पाय उशीवर ठेवला. थंडीतली दुपार, कुकरची शिट्टी नाही, टीव्ही नाही. घर इतकं गप्प असू शकतं हेच मला माहीत नव्हतं. डोळा लागला. आणि तीनच्या सुमारास बाहेर हॉलमध्ये एक बाई बोलली.

"त्या खोलीत कोण आहे?"

मी उठून बसले. 

"कोणीच नाही ना? मग दिवा कोणासाठी चालू आहे?"

नंतर सगळं शांत.

कसा आवाज होता सांगू? घुमल्यासारखा, पत्र्याच्या डब्यातून यावा तसा. कोरडा. रागावलेला, पण त्या रागाला ना सुरुवात ना शेवट. माणूस रागावला तर मधे श्वास घेतो की नाही? ही बाई घेत नव्हती.

भिंत धरत, लंगडत मी हॉलमध्ये गेले. कोणी नाही. दाराला आतून कडी. सोफा, टीव्हीखालचं कपाट, खिडकीतलं ऊन, सगळं जिथल्या तिथे. आणि मागे वळून बघते तर काय, मुलांच्या खोलीतला दिवा सकाळपासून चालू!

मी तो बंद केला. बाई कोणीही असो, तिचं म्हणणं बरोबर होतं.

रात्री मंदारला सांगितलं. मुलं झोपल्यावर, हळू आवाजात. "मंदार, या घरात एक बाई बोलते रे."

त्याने मोबाईलमधून डोकंही वर केलं नाही. "एकच बोलते. बाकी आम्ही सगळे ऐकतो."

पुण्यातल्या माणसाशी लग्न केलं की भुताबद्दलसुद्धा सहानुभूती मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी मी झोपलेच नाही. हॉलमध्ये सोफ्यावर बसून राहिले, मांडीवर निवडायला मेथीची जुडी. दिवे सगळे बंद केलेले. पावणेतीन झाले तशी मेथी हातात नुसतीच राहिली. आणि तीनला आवाज आला. माझ्या समोरून! टीव्हीच्या भिंतीतून!

"दार लावून घे. बाहेरून कोणी म्हणालं, 'मी आहे, उघड', तरी उघडायचं नाही. मी आले की माझ्या किल्लीने येईन."

किल्ली? हिच्याकडे आमच्या घराची किल्ली आहे?

 आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण त्याच क्षणी दाराची बेल वाजली.

मी हलले नाही. बेल पुन्हा वाजली. मग दारावर थापा.

"आगं, मी हाय! उघड की!"

सांगा, काय करायचं माणसाने? मी सोफ्याची उशी छातीशी धरून बसले. बाहेरचा आवाज ओळखीचा वाटत होता, पण म्हणूनच तर उघडायचं नव्हतं ना!

"आगं, बोरं आनल्यात तुला! उघडतीस का ठिवू हितंच?"

भुताला काय काय येत असेल माहीत नाही, पण ते बोरं आणणार नाही. मी दार उघडलं. समोरच्या पोकळे आजी होत्या. मूळच्या धायरी गावातल्या, त्यांच्याच शेतावर ही बिल्डिंग उभी आहे, त्यामुळे जिन्यात त्या आम्हा सगळ्यांकडे पाहुणे असल्यासारखं बघतात. माझा चेहरा पाहून त्या आत येऊन बसल्या आणि मी घडाघडा सगळं ओकले.

आजींनी बोराची बी तोंडातून काढून हातात धरली.

"सुमनबाई आसंल."

"कोण सुमनबाई?"

"तुमच्या आदी हितं ऱ्हात व्हती, तिच्या ल्योकानं तुमाला घर इकलं. लई काटकसरीची बाई! जिन्यातला दिवा कुनी चालू ठिवला तर खाली उतरून बंद करायची. ह्याच खोलीत खुर्चीवर बसल्या बसल्या गेली. दुपारचीच."

मी पाय वर घेतले. खुर्ची आमची होती, पण तरी.

"मग आता?" मी विचारलं. "आम्ही कुठे जाणार, आजी? सगळं यात घातलंय."

"जायचं कशाला? तिचा जीव घरात आडकलाय. दहीभात ठिव तिच्या म्होरं आन् तोंडानं सांग, घर नीट सांबाळते म्हनून. बाईमानसाला तेवडं पुरतं."

एवढ्यावर मी मनाला समजावलं असतं. पण मंगळवारी तालीम संपली आणि बुधवारी मुलं अडीचला घरी आली. तीन वाजता मी आतल्या खोलीत होते. हॉलमधून ती बाई बोलली, "डबे बाहेर काढून ओट्यावर ठेवा. मी आल्यावर दप्तरात सापडले तर बघा!"

आणि माझी सई, माझी पोटची पोर, अगदी सहज म्हणाली, "हो, ठेवतेय."

मागून ओम, "मी पण ठेवला."

डबे ओट्यावर ठेवल्याचे दोन आवाज आले.

देवाशप्पथ सांगते, त्या बाईचा आवाज ऐकून मी जेवढी घाबरले नव्हते तेवढी त्या दोन डब्यांच्या आवाजाने घाबरले. ओम! ज्याला डबा काढ म्हणून सांगताना माझा घसा बसतो, तो पहिल्या हाकेला उठला!

मी सईला आत बोलावलं. "कोणाशी बोललीस?"

तिचा चेहरा पांढरा पडला. "कोणाशी नाही."

"बाहेर कोण आहे?"

"कोणी नाही, आई." आणि खाली मान.

म्हणजे हिने माझ्या लेकराला ताब्यात घेतलं! मला रडूच आलं. इतकी काटकसर केली, इतकी धावले, ती कशासाठी? मुलांना हक्काचं घर मिळावं म्हणून. आणि घराने मुलांनाच गिळायला सुरुवात केली.

त्या रात्री मंदारने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "उद्या हाफ डे टाकतो," म्हणाला.

गुरुवारी दुपारी आमची तयारी अशी. टीव्हीच्या कपाटापुढे पाट, पाटावर केळीच्या पानाचा तुकडा, त्यावर दहीभात. उदबत्ती. पोकळे आजी सोफ्यावर, मंदार दारापाशी, आत्ताच आलेला, बुटांसकट. मुलांना आतल्या खोलीत बसवलेलं आणि बाहेर यायचं नाही म्हणून बजावलेलं. खिडक्या लावून घेतल्या होत्या. उदबत्तीचा धूर वर न जाता कपाटाच्या कडेने रेंगाळत होता. तीन वाजायला आले.

मी हात जोडले.

"सुमनकाकू, चुकलं असेल तर माफ करा. पण घर मी नीट सांभाळते हो! पाण्याचा थेंब वाया घालवत नाही. अन्न टाकत नाही. मुलांना बाहेरचं फार देत नाही. ऑफिस करून जेवढं होतं तेवढं सगळं करते, याहून जास्त मला नाही जमत. आमची मुलं तेवढी सोडा. आणि आम्हाला इथून काढू नका."

 आजींनी पदर डोळ्याला लावला.

आणि भिंतीतून उत्तर आलं.

"कारणं नकोत मला! बूट जागेवर ठेवा आधी. मी बघतेय!"

मी डोळे मिटून उभी. पण कानावर काहीतरी विचित्र पडत होतं. मी एक डोळा उघडला.

मंदार वाकून बुटांच्या नाड्या सोडत होता. आतल्या खोलीतून ओम धावत आला, त्याने आपले बूट रॅकमध्ये कोंबले आणि परत पळाला. पोकळे आजी, खुद्द पोकळे आजी, उठून स्वतःच्या चपला दाराबाहेर सरळ लावत होत्या!

"ठेवले," मंदार माझ्याकडे बघत म्हणाला. "आता पुढे?"

"मला काय सांगतोस? मी कुठे बोलले?"

"तूच बोललीस ना?"

"माझे हात जोडलेले आहेत! ती बोलली!"

मंदार कपाटाकडे बघायला लागला. आजी माझ्याकडे बघायला लागल्या. 

"मेघना," आजी हळूच म्हणाल्या, "आवाज तर तुझाच हाय गं."

तेवढ्यात सई बाहेर आली. रडवेली. तिने कपाटाचा खण उघडला आणि आतून एक फोन काढला. माझाच! स्क्रीनला तडा गेला म्हणून बाजूला ठेवलेला, पण चालू आहे म्हणून टाकून द्यायला जीव होईना, तो. चार्जरची वायर मागच्या भोकातून आत घेतलेली.

"सॉरी, आई. ओम माझं ऐकतच नाही. फक्त तुझं ऐकतो. तू ऑफिसमधून घरच्या मोबाईलवर जे व्हॉइस मेसेज पाठवतेस ना, ते मी याच्यावर घेतले आणि तीनचा अलार्म लावला. शाळेच्या दिवशी, रोज वेगळा. तू या जुन्या फोनला हात लावायचा नाही म्हणालीस, म्हणून सांगितलं नाही."

आता तुम्ही म्हणाल, अगं बाई, स्वतःची वाक्यं ओळखता येऊ नयेत? मी विचारते, तुम्ही पाठवलेला मेसेज तुम्ही कधी परत ऐकलाय का? आपण पाठवतो. ऐकायचं काम दुसऱ्यांचं!

मी मात्र हटले नाही. "हा माझा आवाज नाहीच. मी अशी बोलते का?"

 मंदार छताकडे बघत होता. आजींना एकाएकी बोरांची आठवण झाली.

"लाव बघू सगळे," मी सईला म्हटलं.

तिने लावले. एकापाठोपाठ एक. हॉलच्या मधोमध उभी राहून मी मला ऐकलं. नळ, दिवा, दार, टीव्ही. त्यात "जेवलात का?" सुद्धा होतं, पण तेही चोरी पकडल्यासारखं. सोमवारी ज्या बाईला घाबरून मी भिंत धरून चालले होते, तिच्यासोबत ही पोरं गेली कित्येक वर्षं राहत होती. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटत असतानाच हसू यायला लागलं, आणि मग आजींनी आणि मंदारने जे हसायला सुरुवात केली ती थांबेचना.

"दहीभाताचं काय करायचं?" आजींनी डोळे पुसत विचारलं.

काय करायचं? वाया घालवायचा का? नैवेद्य माझ्याच नावाचा होता, मीच पाटापुढे बसून खाल्ला. मीठ कमी होतं.

संध्याकाळी मी मुलांना जवळ घेतलं. खूप प्रेमाने, खालच्या पट्टीत म्हटलं, "सई, ते मेसेज काढून टाक हं सगळे. आता मी घरी असेन तेव्हा स्वतः सांगेन, आणि नीट सांगेन."

ओमचा चेहरा पडला. त्याने तो फोन उचलून पोटाशी धरला.

"नको ना, आई. राहू दे तिला. ती एकदाच सांगते."

 मी उठले आणि फोन परत चार्जिंगला लावला.