शेजारणीचं लिंबू

परभणीला सोनोग्राफी झाली. पोटातल्या बाळाचे ठोके थांबलेत, असं डॉक्टरीणबाईंनी हळूच सांगितलं. परतताना मानवतच्या बसमध्ये डिझेलचा वास आला आणि मला रोजच्यासारखंच मळमळायला लागलं. स्वतःच्या शरीराचाच राग आला. सगळं संपलं होतं, तरी त्याचं आपलं चालूच. खिडकीतून डोकं काढून ओकले. शेजारच्या अनोळखी बाईनं पाठीवरून हात फिरवला, पिशवीतलं लिंबू हुंगायला दिलं. मांडीवरची सोनोग्राफीची फाईल बघून म्हणाली, “पहिले तीन महिने लय तरास असतोय माय. उलट्या व्हायल्यात म्हंजी लेकरू चांगलं हाय.” पलीकडच्या सीटवर बसलेल्या माझ्या नवऱ्यानं तोंड फिरवलं.

मी लिंबू नाकाशी धरलं. मानवत येईपर्यंत तिला काही सांगितलं नाही. तेवढा वेळ तिच्या लेखी तरी बाळ होतं.