डावा पाय

गाडीवाल्यांना शिव्या घालण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. पडेगावहून गुलमंडीला रोज सायकल. दुकानात दिवसभर साड्या उलगडायच्या, पुन्हा घड्या घालायच्या, अन् संध्याकाळी सायकलनंच परत. पाऊस लईच असला तर शेअर रिक्षा. मागून कुणी हॉर्न वाजवला की मी हमखास सुनवायचो, "तुझ्या बापाचा रस्ता हाय का?" पन्नाशीला टेकल्यावर आपणच स्टेअरिंग धरून बसू, असं कुणी सांगितलं असतं तर त्याला मी वेड्यात काढलं असतं.

पण आईच्या किडन्या गेल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस. जाताना ती बरी असायची. येताना मात्र अंगात त्राण नसायचं, आणि रिक्षात दाटीवाटीनं बसायचं. नगर नाका आला की तिला मळमळायचं. एकदा उलटी शेजारच्या बाईच्या पदरावर झाली. आई उतरेपर्यंत तिची माफी मागत राहिली. स्पेशल रिक्षाही करून पाहिली. खड्ड्यांतले दणके तेच, धूर तोच.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "आता बास. मी नाय जाणार तिथं."

न जाऊन कसं चालेल, म्हणालो. "नाय चाललं तर नाय चाललं," म्हणाली आणि कूस बदलून झोपली. मला रात्रभर धड झोप नाही. धाकटा भाऊ परदेशी जाताना त्याची गाडी आमच्या दारात ठेवून गेला होता. शेजारचे एकदोनदा तिच्यातून आईला घेऊन गेले, पण दर खेपेला कोण येणार? सकाळी मी आईला सांगितलं, मी शिकतो. तिनं माझ्याकडं नीट पाहून घेतलं. "तुझं लायसन येईस्तोवर जाते कशीबशी. पुढं जाईनच, असं धरू नको."

शिकवायला एसटीतून रिटायर झालेले एक चाचा होते. गिअर जमले, वळणं जमली. थांबणं काही जमेना. गाडी थांबत आली की माझा डावा पाय क्लचवरून उठायचा आणि दाराकडं जायचा. सायकलवर जन्म गेला. थांबलं की पाय जमिनीवर टेकायचा, एवढंच त्या पायाला माहीत. गाडी एक गचका खाऊन बंद पडायची. चाचा कपाळावर हात मारून म्हणायचे, "अरे मियाँ, पाँव किधर जा रा? नीचे लोहा है, सडक नहीं!"

बायको हसून हसून बेजार. मला मात्र आईचं बोलणं आठवून घाम फुटायचा. शेवटी बायकोनंच तोडगा काढला. म्हणाली, "डाव्या पायातली चप्पल काढून बसा. एवढ्या उन्हात अनवाणी पाय डांबरावर कोण टेकवतं?" मी म्हणालो, काहीतरीच तुझं. पण करून पाहिलं, आणि पाय जागचा हलला नाही. डोक्याला जे कळत नव्हतं ते तळव्याला कळलं. चाचा आधी खो खो हसले, मग म्हणाले, चलता है. हळूहळू चप्पल घालूनही पाय ठिकाणावर राहायला लागला. टेस्ट पास झालो तेव्हा दुकानातल्यांनी माझ्याच पैशानं पेढे खाल्ले.

पहिल्या मंगळवारी आईला शेजारी बसवलं. जाताना ती पदराचं टोक मुठीत घट्ट धरून होती. येताना नगर नाक्याला सिग्नल लाल. चढावर थांबलो. मागचा हॉर्नवर हॉर्न. जिभेवर आलेली शिवी मी गिळली, कारण आता चुकणारा मीच असू शकत होतो. डावा पाय क्लचवर दाबून धरला. सिग्नल सुटला, गाडी सावकाश निघाली. आईनं काच थोडी खाली केली आणि मान मागं टेकवली.

दारात येऊन गाडी बंद केली. आईला उलटी झाली नव्हती. उतरायला हात द्यावा म्हणून मी वळलो, तर ती तशीच बसून होती. वाटलं, आता ही पुन्हा 'बास' म्हणणार.

"शुक्रवारी किती वाजता निघायचं?" तिनं विचारलं.

"नऊला," मी म्हणालो. मग तिला उतरायला हात दिला.