खांबाला पाणी

माझ्या मेव्हण्याइतका हेकट माणूस मिरजेपासून औंधापर्यंत कुणी दाखवला, तर मी मिशी उतरवून देईन. फौजेत बिनतारी यंत्रावर नोकरी केली, पेन्शन घेऊन बहिणीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या आसऱ्याला आला, आणि तासगावाकडच्या आमच्या गावात पंचायतीच्या दारात बिनतारी फोनचा खांब उभा राहिला तसा हा गडी त्याचा मालकच झाला. कुणी नेमला नव्हता. फोन बंद पडला की तालुक्याचा मेकॅनिक फिरकायचा नाही, हा मात्र शिडी घेऊन हजर. आधी बॅटरी, मग वायर, मग एरियल. क्रम मोडायचा नाही. एकदा कावळ्यानं एरियलवर घरटं केलेलं साऱ्या गावाला दिसत होतं, तरी यानं आधी बॅटरीच उघडली. सगळं तपासून झालं की खांबाच्या बुडाशी अर्थिंगच्या खड्ड्यात घागरभर पाणी. "जमीन वाळली की आवाज खरखरतोय," म्हणायचा. पोरंटोरं विचारायची, "मामा, कणसं कवा लागणार?"

बोलणंही फौजेतलंच. 'ओव्हर' म्हणजे आता तू बोल, 'आऊट' म्हणजे बोलणं संपलं, हे त्यानं गावाला शिकवलं. जेवतानासुद्धा, "अक्का, भाकरी वाढ, ओव्हर." ती म्हणायची, "गिळ मुकाट्यानं, ओव्हर."

मग तिला मिरजेच्या दवाखान्यात ठेवली. लेक तिच्यापाशी, मी म्हसरांपायी गावात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती स्वतः फोनवर येणार होती, आणि नेमका त्याच दिवशी फोन नुसता खरखरायला लागला. मेव्हण्यानं बॅटरी बघितली, वायर बघितली, वर चढून आला. ऐन उन्हाळा, आड आटलेला. घरातली प्यायची घागर उचलून आणली आणि खड्ड्यात पालथी केली. पाण्यानं म्हणा, वारा पडला म्हणून म्हणा, घंटी वाजली.

"आवं, तांबडीला वैरण घातली का? ओव्हर."

"घातली. तू जेवलीस का? ओव्हर."

पुढं पुन्हा खरखर. उत्तर आलंच नाही. ती टेबलावरून उठली नाही, तो निरोप मात्र दुसऱ्या दिवशी एकदम स्वच्छ ऐकू आला.

पुढं गावात तारेचा फोन आला. तो खांब नुसताच उभा राहिला, बॅटरीसुद्धा कुणी काढून नेली. तरी हा रोज पाणी घालायचा. एकदा मी खेकसलो, "आता कशाला रं? कोण बोलणार हाय त्यातनं?"

तो घागर रिती करत म्हणाला, "दाजी, अक्का 'आऊट' म्हणाली न्हाई."

लय येडा. आता त्याचे गुडघे गेलेत, चार पावलं टाकली की बसतो. म्हणून हल्ली घागर मी नेतो.