कानसेनांचा शेरा

कानसेन हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण खरं नाव विचारलंत तर निम्मी गल्ली डोकं खाजवेल. फाटलेले स्पीकर दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. दोन माणसं उभी राहिली की भरून जाणारं त्यांचं दुकान एका जिन्याखाली होतं. तिथे त्यांनी चाळीस वर्षं तांब्याच्या तारेची वेटोळी गुंडाळली, कागदी पडदे चिकटवले आणि आल्यागेल्याला चार शब्द सुनावले. सुनावण्याचे पैसे ते घेत नसत.

दुरुस्त झालेला स्पीकर तपासायचा तर त्यावर काहीतरी वाजवावं लागतं. वाजलं की ऐकावं लागतं, आणि ऐकलं की कानसेनांना गप्प बसवत नसे. ‘तुमचा स्पीकर ठीक आहे, तुमचा गायक फाटलाय,’ असं ते तोंडावर सांगत. लोक चिडत, घरी जाऊन पुन्हा ऐकत, आणि म्हाताऱ्याचं बरोबर होतं हे पाहून आणखीच चिडत. मग हळूहळू लोक नुसती रेकॉर्डिंगं घेऊन येऊ लागले. आधी बँडवाले आले, मग घरच्या घरी गाण्याला गाणं जोडून मिक्स बनवणारे हौशी डीजे.

त्यांची ऐकायची पद्धत ठरलेली होती. पहिल्यांदा उभ्याने, डोळे मिटून, एक तळवा स्पीकरच्या खोक्यावर ठेवून. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. नव्या पडद्यांच्या खोक्यात दोन पडद्यांच्या मध्ये एक गोल पुठ्ठा येतो. त्या पुठ्ठ्यावर ते डावीकडे मिनिट लिहीत आणि उजवीकडे शेरा. ‘छान’ हा शब्द त्यांनी आयुष्यात लिहिला नाही. सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे ‘चालेल’. ती चाळीस वर्षांत दहा-बारा जणांना मिळाली असेल, आणि त्या लोकांनी ते पुठ्ठे जपून ठेवले होते.

बेकरीवाली त्यांच्याकडे आली ती फुटलेला स्पीकर घेऊन. वय पस्तीसच्या पुढे. पहाटे चारपासून दुपारपर्यंत पावाच्या कारखान्यात भट्टीवर उभी राहायची. मनगटांवर भाजल्याच्या बारीक रेघा होत्या आणि कितीही हात धुतले तरी नखांच्या कडेला पीठ राहायचं. मंगळवारी तिला सुट्टी असे. घरी डीजेचा एक जुना कन्सोल होता, त्यावर ती प्रोग्रेसिव्ह हाउस नावाचं नाचाचं संगीत वाजवायची. कानसेनांनी पहिला मिक्स पाच मिनिटं ऐकला आणि डोळे उघडले.

“गाणं कधी सुरू होणार?”

“सुरू झालंय काका. ते हळूहळू येतं.”

“माझा जावईही हळूहळूच येतो. पण आला की कळतं तरी.”

ती हसली नाही. म्हणाली, “पीठ फुगतं तसं असतं ते. समोर बघत बसलं तर काहीच होत नाही. तासाने झाकण काढावं तर परात भरलेली.”

हे कानसेनांना पटलं. त्यांनी पुन्हा डोळे मिटले आणि पूर्ण तास ऐकलं. त्या दिवशीचा पुठ्ठा दोन्ही बाजूंनी भरला. ‘बारावं मिनिट : दोन बेस एकमेकांच्या अंगावर. आधीचा बाहेर काढ, मग दुसऱ्याला आत घे.’ ‘विसावं : इथेच शिखर गाठलंस. उरलेली चाळीस मिनिटं काय करणार?’ ‘चौतिसावं : जोड दिसतो. शिंप्याने लपवला असता.’ ती पुठ्ठा घेऊन गेली आणि पुढच्या मंगळवारी विसाव्या मिनिटाचं शिखर सत्तेचाळिसाव्यावर नेऊन आली. बोलणी खाल्ल्यावर परत येणारी माणसं कानसेनांना आवडत. ती दोन वर्षं येत राहिली.

जुन्या छापखान्याच्या रिकाम्या हॉलमध्ये महिन्यातून एका रविवारी दुपारी संगीत असे. यंत्रं केव्हाच उचलली गेली होती, फरशीवर त्यांचे बोल्ट तेवढे उरले होते. तिथे एक तास वाजवायला मिळावा ही बेकरीवालीची दोन वर्षांची इच्छा. आयोजकाला स्वतःला काही ऐकायची सवड नव्हती. तो म्हणाला, “कानसेन ‘चालेल’ म्हणाले तर तास तुझा. जमला, तर दर महिन्याला तुझाच.”

म्हणजे सगळं त्या एका शब्दावर येऊन ठेपलं होतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी कानसेनांनी कुणाला सांगितली नव्हती. दुकानाच्या खणात, तारेच्या रिळांखाली, एक घडी घातलेला कागद होता. दोन वर्षांपूर्वी बायकोने त्यांना ओढून कानाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. घरातल्या घड्याळाचा गजर वाजत राही आणि हे शेजारी बसून पेपर वाचत. “घड्याळ बिघडलंय,” हे म्हणाले. “तीन घड्याळं बिघडली?” ती म्हणाली. डॉक्टरांनी तपासून कागदावर एक रेघ काढून दिली. डावीकडे ती बरी सरळ होती, आणि उजवीकडे, जिथे बारीक, उंच आवाज असतात, तिथे कडा तुटल्यासारखी खाली गेली होती. बायकोला त्यांनी ‘वयाप्रमाणे आहे’ एवढंच सांगितलं. घड्याळाचं घड्याळाजवळ, धंद्याचे कान वेगळे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. माणूस स्वतःला फसवतो तेव्हा त्याला फार हुशारी लागत नाही.

रविवारच्या आधीच्या मंगळवारी बेकरीवालीने शेवटचा मिक्स लावला. कानसेनांनी तळवा खोक्यावर ठेवला. खालचं सगळं जागच्या जागी होतं. बेस एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात होता आणि जोड कुठे दिसत नव्हता. त्यांना मनातून फार आनंद झाला. फक्त वरचं काहीतरी कमी होतं. झांजेचे ते बारीक ठोके, ज्यांच्यावर असलं संगीत चालतं, ते कुठेतरी गोधडीखाली वाजत होते. त्यांनी लिहिलं, ‘वरचा आवाज मंद. सगळीकडे चढव.’

तिने तिथेच ट्रेबल चढवला. “अजून,” ते म्हणाले. तिने अजून चढवला. “अजून थोडा. हां.”

ती हेडफोन कानावर धरून उभी राहिली. तिच्या कपाळाला आठी पडली. “काका, मला जरा टोचतंय.”

इथे ते थांबू शकले असते. खण हाताच्या अंतरावर होता. पण चाळीस वर्षांत त्या दुकानात कुणी त्यांचा शेरा परत दिला नव्हता.

“हेडफोन टोचतोय,” ते म्हणाले. “एवढ्या मोठ्या हॉलमध्ये बरोबर बसेल. तुझे कान रोज पहाटेपासून भट्टीच्या पंख्याच्या घरघरीत असतात, त्यांचं काय ऐकतेस.”

तिने मान हलवली. तिचा विश्वास बसला, आणि पुठ्ठ्याच्या शेवटी त्यांनी ‘चालेल’ लिहिलं. तो शब्द तिने दोनदा वाचला. ओढणीच्या टोकाने डोळे पुसले आणि जिन्याखालून वाकून बाहेर पडली.

रविवारी चार वाजता कानसेन इस्त्रीचा शर्ट घालून हॉलवर गेले. बायको बरोबर होती. उंच खिडक्यांतून ऊन फरशीवर आलं होतं. शंभरेक माणसं असतील. ओळखीचे बँडवाले मागे उभे होते, आयोजक दाराशी. बेकरीवालीने पहिला ट्रॅक सुरू केला आणि कानसेन एका खांबाला टेकून उभे राहिले.

त्यांना सगळं ऐकू येत होतं. प्रत्येक ठोका, प्रत्येक झांज, धातूवर पडणारी काडी. इतकं लख्ख त्यांनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. आपण तरुणपणी जे ऐकत होतो ते हेच, असं त्यांना वाटलं. दहा मिनिटं ते डोळे मिटून उभे होते.

डोळे उघडले तेव्हा समोरची फरशी रिकामी होती.

लोक भिंतीकडे सरकले होते. एका बाईने कानावर तळहात धरला होता. एकाने कागदी रुमालाचे बोळे करून दोन्ही कानांत घातले होते. बँडवाले एकमेकांकडे बघत होते. दाराशी आयोजक बाहेर जाणाऱ्यांना वाट देत होता. कानसेनांनी बायकोकडे पाहिलं. तिने कानांवर पदर घट्ट ओढून घेतला होता, पण जागा सोडली नव्हती. ती त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत राग नव्हता, ते त्यांना जास्त लागलं. खणातला कागद त्यांना जसाच्या तसा दिसला, उजवीकडे तुटलेल्या रेघेसकट.

पलीकडे कन्सोलमागे बेकरीवाली मान खाली घालून उभी होती. तिलाही टोचत होतं. चेहऱ्यावरून कळत होतं. पण तिचा हात ट्रेबलकडे जात नव्हता, कारण तिच्यासमोर तो पुठ्ठा उभा करून ठेवला होता.

मधली रिकामी फरशी कानसेनांनी सगळ्यांच्या देखत ओलांडली. सहासष्ट वर्षांच्या माणसाला ती बरीच लांब होती. कन्सोलसमोर जाऊन त्यांनी तळवा उपडा धरला आणि खाली नेला. कमी कर. तिने थोडं कमी केलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांनी पुन्हा हात खाली नेला. मग ते तिच्याकडे पाठ करून लोकांकडे तोंड करून उभे राहिले, कारण आता ऐकून उपयोग नव्हता, बघणं भाग होतं. पाठीमागे धरलेला हात ते खाली, आणखी खाली नेत राहिले. काडी गेली. झांज गेली. एकेक बारीक ठोका गोधडीखाली गेला आणि शेवटी त्यांच्यापुरता पूर्ण नाहीसा झाला. तेव्हा त्या बाईने कानावरचा हात काढला. बोळेवाल्याने बोळे काढून खिशात टाकले. लोकांचे खांदे सैल झाले आणि दोघं-तिघं पुढे आले. कानसेनांनी मूठ मिटली. इथे थांब.

उरलेला तास चांगला गेला. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला फरशीवर पाय ठेवायला जागा नव्हती. कानसेनांना पायांच्या तळव्यांतून बेस कळत होता, वरचं काही नाही.

संपल्यावर आयोजक हात झटकत आला. “सुरुवातीला काय गोंधळ घातला हिने? पंचवीस माणसं गेली.”

“तिने नाही, मी घातला,” कानसेन म्हणाले. बँडवाले ऐकत होते, म्हणून त्यांनी आवाज चढवला. “तिचं बरोबर होतं. माझे वरचे कान गेलेत. दोन वर्षं झाली. तिचा तास कापू नका.”

“बघू,” म्हणून आयोजक निघून गेला. बँडवाल्यांनी नजर चुकवली.

बेकरीवाली पायरीवर बसून वायर गुंडाळत होती. “मी म्हटलं होतं टोचतंय,” ती म्हणाली.

“म्हटलं होतंस.”

“दोन वर्षं म्हणजे मी आले तेव्हापासून?”

“हो.”

“म्हणजे माझे सगळे पुठ्ठे?”

“खालच्या आवाजाचे शेरे खरे आहेत. वरचे मी अंदाजाने लिहिलेत.”

तिने वायरचा शेवटचा फेरा घट्ट ओढला. “शिव्या दिल्या असत्यात तर चाललं असतं काका,” ती म्हणाली. “माझ्या कानांना नावं ठेवायला नको होती.” तिने कन्सोल उचलला आणि निघून गेली. कानसेनांनी तिला हाक मारली नाही. माफी मागायची होती, पण ती त्यांना कधी मागता आली नव्हती, आणि त्या दिवशीही आली नाही.

पुढचे तीन मंगळवार ती आली नाही. रेकॉर्डिंगवालेही कमी झाले. बातमी पसरायला वेळ लागत नाही. दुकानात स्पीकर तेवढे येत होते. बायको दुपारचा चहा घेऊन यायची आणि मुद्दाम थोडा वेळ बसायची. एकदा म्हणाली, “घड्याळं तिन्ही चांगली होती हो.” ते म्हणाले, “माहीत होतं.”

चौथ्या मंगळवारी बेकरीवाली वाकून आत आली. नखांच्या कडेला पीठ होतं. आयोजकाने तास ठेवला होता, पण ते तिने आधी सांगितलं नाही. तिने मिक्स लावला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

कानसेनांनी पूर्ण तास डोळे मिटून ऐकला. मग खणातून डॉक्टरांचा कागद काढला, उलगडला आणि कामाच्या फळीवर, सगळ्यांना दिसेल असा, टाचणीने लावला. नवा पुठ्ठा घेतला. मधोमध एक आडवी रेघ मारली.

“रेघेखालचं मी सांगतो,” ते म्हणाले. “वरचं तू सांग. मी लिहून घेतो.”

मिक्स पुन्हा सुरू झाला. सहाव्या मिनिटाला तिने कपाळाला आठी घातली, पण बोलली नाही. कानसेनांनी पेन्सिल टेकवली आणि वाट पाहिली. त्यांना तिथे काहीच ऐकू येत नव्हतं.

“टोचतंय,” ती शेवटी म्हणाली.

त्यांनी रेघेच्या वर डावीकडे सहा लिहिलं, आणि उजवीकडे तिचा शब्द, जसा होता तसा.