चुकीच्या क्रमाने लागलेली रिळे

साल १९७३, मार्गशीर्षातील एका रविवारची दुपार, भाईंदरची शाळा. जबाबदार: चित्रपट मंडळाचे चिटणीस, यंत्रचालक, आणि मंडळाचा कार्यकर्ता या नात्याने मी.

आज, इतक्या वर्षांनी, मंडळाची स्मरणिका आली. तिच्यात तो जपानी चित्रपटाचा खेळ ‘यशस्वी’ ठरवला आहे. ते वाचताच तापलेल्या फिल्मचा करपट वास नाकात भरला. डब्यांवरची जपानी अक्षरे कोणालाच वाचता येत नव्हती. रिळांचा क्रम चुकला आणि बुडून मेलेला कोळी पुढच्या रिळात होडी वल्हवत घरी परतला.

प्रेक्षकांतली, पालीच्या कोळीवाड्यातली हिराबाई ताडकन उभी राहिली. तिच्या नवऱ्याची होडी नऊ दिवस बेपत्ता होती.

“बगा, तो मेला न्हाय! माजा बी येल!”

मी चिटणिसांच्या कानाशी लागलो. “साहेब, रीळ चुकलंय. तिला सांगू या.”

“गप्प बसा हो! जपानी वकिलातीचे पाहुणे बसलेत. या लोकांना काय कळतंय?”

मी गप्प बसलो. तेव्हा ती मला शिस्त वाटली. आज तो शुद्ध भ्याडपणा दिसतो.

होडी आली नाही. बेपत्ता माणसाला मृत मानण्याची कायद्यातील सात वर्षे उलटली, तरी हिराबाईने बांगड्या उतरवल्या नाहीत.

चिटणीस महाशय, खेळ का थांबवला नाहीत, याचे उत्तर पालीच्या बंदरावर, तिच्यासमोर, जाहीरपणे द्या. आरोपी म्हणून मीही तुमच्याशेजारी उभा राहीन.